‘काही नाही’ म्हणण्याचा अधिकार

आपल्या घराघरांतून ‘काही नाही’ हे दोन शब्द दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जातात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पोर धावता धावता पडते, गुडघा फुटतो, आई फुंकर घालून म्हणते, ‘काही नाही झालं.’ शेजारी विचारतो, ‘आज चेहरा का उतरला?’ आपण म्हणतो, ‘काही नाही.’ म्हाताऱ्या माणसाने रात्री कुठे दुखते म्हणून सांगितले, की मुलगा, सून, शेजारी आणि पुष्कळदा तो म्हातारा स्वतःदेखील याच दोन शब्दांवर येऊन थांबतो. हे शब्द खोटेपणाने बोलले जातात असे मी म्हणणार नाही. त्यांत माया असते, धीर असतो. परंतु दुसऱ्याच्या दुखण्याविषयी ‘काही नाही’ असे सांगण्याचा अधिकार माणसाला नेमका केव्हा प्राप्त होतो? गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. तो कोणत्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात मला भेटला नाही. आमच्या न्हाणीघरात भेटला.

मी खाप्याचा. नागपूरच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी हे आमचे गाव. गाव लहान, पण नगरपालिका १८६७ सालची. एके काळी येथल्या गल्ल्यांतून हातमागाची खटखट दिवसभर ऐकू येई. आमच्या घरीही खड्ड्याचा माग होता आणि वडिलांचे आयुष्य त्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणण्यात गेले. मी धोट्याऐवजी खडू हाती धरला आणि मराठी शिकवीत निवृत्त झालो. घरी आम्ही दोघेच असतो. दिवाळीला मात्र धाकट्या भावाचे कुटुंब येते. त्याची मुलगी डॉक्टर आहे, नागपूरला असते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ती मला ‘मोठे बाबा’ आणि माझ्या पत्नीला ‘मोठी आई’ म्हणते.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे पत्नी न्हात होती. केसांवरची शिकेकाई धुण्यासाठी तिने मान मागे टाकली आणि ती ओरडली, ‘अवो, घर फिरून राह्यलं!’ आम्ही धावलो. तिला धरून आणून दिवाणावर निजविले. क्षणभर बरे वाटले. पण ती उजव्या कुशीवर वळली मात्र, पुन्हा सारे घर गरगरू लागले. तिने माझा हात घट्ट धरला. मी अर्थातच म्हणालो, ‘काही नाही. पहाटेची उठलीस, पोटात अन्न नाही. पित्त चढलं असेल.’

पुतणी ओल्या केसांना पंचा गुंडाळून आली आणि म्हणाली, ‘मोठे बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा.’

मी बाजूला झालो. पण मराठीचा शिक्षक गप्प कसा बसणार? या एका अवस्थेसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत! चक्कर, भोवळ, घेरी, भोवंड, अंधारी, झोक जाणे, गरगरणे. प्रत्येकाची छटा वेगळी. माधवनिदानासारख्या जुन्या वैद्यकग्रंथात मूर्च्छा आणि तंद्रा यांच्या शेजारी ‘भ्रम’ म्हणून या विकाराचा विचार केलेला आहे. आणि ‘भ्रम’ म्हणजे चक्कर तसाच खोटा समजही, ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटत आली आहे. मी पुतणीला म्हटले, ‘तिला आधी नीट विचार. चक्कर आहे, घेरी आहे, की अंधारी?’

ती हसली. म्हणाली, ‘वैद्यकातही हाच प्रश्न पहिला विचारीत. पण अमेरिकेत तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी वेगळाच प्रकार सांगितला. २००७ साली हे छापून आलं. घाबरलेल्या माणसाला शब्द निवडता येत नाहीत. पण गरगर सुरू केव्हा झाली, किती वेळ टिकते आणि काय केलं म्हणजे येते, हे तो बरोबर सांगतो.’

माझा अभिमान जरा खाली बसला. पत्नीने तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ दिली. आत्ताच सुरू झाली. अर्ध्या मिनिटात थांबते. मान मागे टाकली किंवा कूस बदलली की येते, स्वस्थ पडले तर नाही.

मग पुतणीने तिला दिवाणावर बसविले, डोके उजवीकडे अर्धे वळविले आणि दोन्ही हातांनी धरून पटकन मागे निजविले, असे की डोके काठावरून किंचित खाली लोंबावे. ‘मोठी आई, डोळे मिटू नकोस.’ चारदोन सेकंद काही झाले नाही. मग पत्नीचे डोळे आपोआप थरथरत, वळत, झटके देऊ लागले. पाऊण मिनिटात ते शांत झाले. ‘सापडलं!’ पुतणी म्हणाली. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी १९५२ साली लिहून ठेवलेली. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्या असतात. त्यांच्या शेजारच्या कोशात चुनखडीच्या जातीचे अतिसूक्ष्म कण असतात. वय झाले की त्यांतले काही निसटून नळीत शिरतात. मान हलली की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटते, जगच फिरले.

निदानापाठोपाठ तिने उपचारही केला. डोके डावीकडे वळविले, मग सारे शरीर कुशीवर, मग बसती केली. प्रत्येक पायरीला थोडे थांबून. नळीत अडकलेले कण पुन्हा कोशात आणून सोडण्याची ही युक्ती अमेरिकेतील डॉ. एपली यांची. कित्येक वर्षे त्यांचे सहव्यवसायीच तिला हसले. १९९२ साली ती रीतसर प्रसिद्ध झाली आणि आता जगभर वापरतात. दुपारी पत्नी करंज्या तळीत होती. मी ज्याला ‘काही नाही’ म्हटले होते, ते ‘काहीतरी’ होते. लहानसे होते, पण होते. आणि तशीच न्हाणीघरात पुन्हा उभी राहून पडती, तर या वयात खुब्याचे हाड मोडायला वेळ लागला नसता.

संध्याकाळी फराळाच्या वेळी मी पुतणीला म्हणालो, ‘तुझ्या आजोबांनाही चक्करच आली होती.’ तिने त्यांना पाहिलेले नाही. भिंतीवरचा फोटो तेवढा तिच्या ओळखीचा. ही हकिकत मी घरातही कधी सबंध सांगितली नव्हती.

१९८३ सालची धनत्रयोदशी. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे. दिवाळीच्या मागणीची लुगडी पुरी करायची म्हणून ते पहाटेपासून मागावर होते. एकाएकी धोटा थांबला. खड्ड्याच्या काठाला धरून ते म्हणाले, ‘भोवंड आली रे.’ त्यांना बाजेवर निजविले. उलट्या सुरू झाल्या. गावातले एक डॉक्टर आले. माणूस सज्जन, त्या दिवशी तीनदा येऊन गेले आणि सणाचे पैसे घेतले नाहीत. ‘पित्त खवळलं आहे, काही नाही,’ असे सांगून त्यांनी इंजेक्शन दिले. दाराशी उभ्या असलेल्या आईने मला विचारले, ‘काय म्हणाले?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’ तोच शब्द मी शेजारी सांगितला, भावाला सांगितला, आणि बाबांच्या उशाशी बसून त्यांनाही सांगितला. गरगर मात्र थांबली नाही. स्वस्थ पडले तरी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले, मग ग्लानी आली. लक्ष्मीपूजनाच्या पहाटे जीपने नागपूरला नेले. तेथे कळले की लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटला होता आणि आता तेथे सूज आली होती. दुपारी बाबा गेले.

पुतणी बराच वेळ बोलली नाही. मग माझ्यासमोर बसून तिने माझे डोके दोन्ही तळव्यांत धरले. ‘मोठे बाबा, मान सैल सोडा. माझ्या नाकाकडे पाहत राहा.’ आणि तिने माझे डोके एकदम थोडेसे बाजूला फिरविले. माझी नजर तिच्या नाकावरच राहिली. ‘कान निरोगी असला म्हणजे असं होतं,’ ती म्हणाली. ‘डोकं जितकं वळलं, तितके डोळे उलट वळतात. कानाची नस सुजली असेल, तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग झटका घेऊन परत नाकावर येतात. तो झटका आम्ही बघतो.’

‘म्हणजे झटका दिसला तर वाईट.’

‘उलट! ज्याची गरगर तासन्‌तास चाललेली आहे, त्याच्या बाबतीत झटका दिसला तर बहुधा दोष कानात. तो माणूस तगतो. झटका नाही, म्हणजे कान ठणठणीत. मग एवढी गरगर येते कुठून? मेंदूतून. तिथे चांगली दिसणारी तपासणी हीच भीतीची खूण.’

हे ऐकून मी चकित झालो. आपली साधी समजूत अशी, की तपासणीत दोष आढळला नाही म्हणजे माणूस सुटला. येथे दोष आढळला तर धीर द्यायचा आणि आढळला नाही तर धाव घ्यायची.

तिने आणखी दोन गोष्टी दाखविल्या. पहिली डोळ्यांच्या झटक्यांची. पूर्वी सावनेरवरून छिंदवाड्याची छोटी गाडी जात असे. रूळ रुंद करण्यासाठी ती २०१५ साली बंद झाली. तिच्या खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे कधी न्याहाळले असतील, तर आठवेल: तारेच्या खांबाबरोबर डोळे हळूच मागे सरकतात आणि झटक्याने पुढे येतात. चक्कर आलेल्याचे डोळे घरबसल्या तसेच करतात. तो उजवीकडे पाहो की डावीकडे, जलद झटका एकाच दिशेला राहिला तर दोष बहुधा कानाचा. नजरेबरोबर झटक्याची दिशाही पालटली, तर मेंदूचा. दुसरी गोष्ट एकेक डोळा आळीपाळीने हाताने झाकण्याची. झाकण काढताच डोळा वर किंवा खाली सरकून जागेवर आला, तर तीही मेंदूकडची खूण. या तीन तपासण्यांना मिळून एकदोन मिनिटे लागतात. त्यासाठी ना सुई लागते, ना वीज.

अमेरिकेतील डॉ. कट्टाह, डॉ. न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली याचा पडताळा प्रसिद्ध केला. सतत गरगर होत असलेल्या आणि पक्षाघाताचा धोका असलेल्या १०१ रुग्णांवर त्यांनी या तीन तपासण्या केल्या. मेंदूचा दोष असलेल्या ७६ जणांपैकी एकही त्यांतून निसटला नाही. उलट पक्षाघात झालेल्यांपैकी शेकडा १२ जणांचे पहिले एमआरआय निर्दोष आले होते. पहिल्या दोन दिवसांत ते यंत्रही फसू शकते. पुतणीने येथे दोन गोष्टी बजावल्या. त्या तपासण्या निष्णातांनी केल्या होत्या. अर्धवट शिकलेल्या हाताने त्या केल्या तर त्याच घात करतात. आणि गरगर त्या क्षणी चालू असेल, तरच त्यांना अर्थ. मोठ्या आईसारख्या, निजल्यावर थांबणाऱ्या चकरेत त्या केल्या तर निष्कर्ष उलटाच निघायचा. तेव्हा वाचकांनी हे वाचून घरातल्यांच्या माना फिरवू नयेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मी विचारले, ‘मग त्या डॉक्टरांनी हे का केलं नाही?’

‘कसं करणार? डोकं वळवून झटका पाहण्याची ही तपासणी सिडनीच्या हाल्माजी आणि कर्थॉय्ज यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. आजोबा गेल्यावर पाच वर्षांनी.’

खरे सांगतो, मला हलके वाटले. चाळीस वर्षे उराशी धरलेला धोंडा कोणीतरी खाली ठेवला असे वाटले. इतक्यात तिने सहज विचारले, ‘आजोबा आधाराशिवाय बसू शकत होते का?’

मी उत्तर दिले नाही. कारण उत्तर माझ्या खांद्याला ठाऊक होते. पाणी पाजायला मी बाबांना उठवून बसवीत असे, आणि दर वेळी ते डावीकडे कलंडत. मी त्यांच्या पाठीशी माझा खांदा लावी. दोन दिवसांत दहा वेळा तरी लावला असेल. अशक्तपणा आला आहे, असे मी समजलो. परंतु हाताच्या मुठी तर ते घट्ट आवळू शकत होते! अंगात बळ असून धड बसता येत नाही, ही लहान मेंदूची जुनी खूण आहे. पहिल्या महायुद्धात गोळी लागलेले शिपाई तपासून गॉर्डन होम्स या इंग्लंडच्या डॉक्टरने १९१७ सालीच हे तोल जाणे बारकाईने लिहून ठेवले होते. आतल्या कानाच्या चकरेतही माणूस झुकतो, पण सहसा बसू शकतो.

‘वेळेवर नेलं असतं तर?’

‘सांगता येत नाही, मोठे बाबा. शस्त्रक्रियेने सुजेचा दाब कमी करता आला असता कदाचित. नक्की कोणीच सांगू शकणार नाही.’

मला होम्स ठाऊक असायचे कारण नव्हते. न जाणणे हा अपराध असेल, तर आपण सारेच अपराधी आहोत; १९८३ साली पृथ्वीवरचे सगळे डॉक्टरही त्या एका तपासणीपुरते अपराधी ठरतील. माझी चूक वेगळी होती. माझ्या खांद्याला कळत असलेली गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. डॉक्टर तीनदा आले. ‘ते डावीकडे पडतात’ एवढे तीन शब्द मी उच्चारले नाहीत. का? कारण ‘काही नाही’ हा शब्द माझ्या हाती आधीच आला होता, आणि एकदा तो हाती आला की डोळे पाहायचे थांबतात. दिसत असते, पण पाहणे संपलेले असते.

व्हिएन्नाच्या एका इस्पितळात विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट बारानी नावाचा तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत असे. एकाने तक्रार केली, ‘पाणी गार आहे म्हणून मला चक्कर येते.’ बारानीने पाणी अधिक तापविले. त्या माणसाने पुन्हा तक्रार केली, ‘आता गरम आहे म्हणून येते.’ दुसरा कोणी म्हणाला असता, ‘काही नाही, कुरकुऱ्या स्वभाव आहे.’ बारानीने त्याच्या डोळ्यांत पाहिले. गार पाण्याने डोळ्यांचे झटके एका बाजूला जात होते, गरम पाण्याने दुसऱ्या. त्यातून कानाच्या तोलयंत्राची परीक्षा करण्याची रीत निघाली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले तेव्हा तो रशियाच्या कैदेत युद्धबंदी होता. एका कुरकुरीवर विश्वास ठेवण्याचे हे फळ.

तेव्हा मला असे वाटते, की ‘काही नाही’ हा शब्द उधारीचा आहे. काय असू शकेल ते आधी शोधून, न सापडल्यावर तो बोलला तर उधारी फिटलेली असते. शोधण्याआधी बोलला, तर ती दुसऱ्याच्या खात्यावर चढते. डॉक्टरालाही हे लागू आहे आणि घरच्यालाही. यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक चक्कर नागपूरला नेऊन यंत्रात घालावी काय? मला तीही एक पळवाटच वाटते. मजुरी करणाऱ्याने गाडीभाडे आणि यंत्राचे पैसे भरून निर्दोष छायाचित्र आणावे आणि आपण पुन्हा ‘काही नाही’ म्हणावे, यात शब्द तोच, फक्त महाग झालेला. यंत्र हवेच, पण माणसाकडे माणसाने पाहण्याचे काम यंत्रावर टाकून मोकळे होता येत नाही.

आणि आईची फुंकर? तिला मी यातून वगळतो. कारण नीट आठवून पाहा: फुंकर घालण्याआधी ती गुडघा उजेडाकडे वळवून पाहते. खडा रुतला नाही ना, हाड दुखावले नाही ना, हे तिने एका दृष्टिक्षेपात पाहिलेले असते. तिचे ‘काही नाही’ नंतर येते. आपण शब्द तेवढा तिच्याकडून घेतला. पाहणे घ्यायचे राहिले.

या पावसाळ्यात शेजारचा संत्र्यांचा व्यापारी भल्या पहाटे दार ठोठावीत आला. ‘गुरुजी, आमच्या बाबांना भोवंड येऊन राह्यली, रात्रीपासून थांबतच नाही. पित्त असेल ना?’ मी गेलो. मला नाकाकडे पाहायला लावून डोके फिरविण्याची विद्या येत नाही आणि मी ती करूही नये. मी एवढेच म्हणालो, ‘दादा, पाय खाली सोडून बसा पाहू. हात टेकू नका.’ म्हातारा बसला, आणि जुन्या भिंतीसारखा डावीकडे झुकू लागला. मी त्याला धरले. बोलणे जड आहे काय, घास गिळताना ठसका लागतो काय, एकाची दोन माणसे दिसतात काय, हेही पुतणीने शिकविल्याप्रमाणे विचारले. मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला कोणते दोन शब्द ऐकायचे आहेत हे मला ठाऊक होते. ते माझ्या ओठांपर्यंत आलेही होते.

‘१०८ ला फोन लाव,’ मी म्हणालो, ‘आणि डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांग, की ते डावीकडे पडतात.’